थांबणाऱ्यांचे कौतुक, जाणाऱ्यांचा हक्क

एप्रिल २०२४ मध्ये मार्क पोप अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांच्या हाती संघ असा नव्हताच. आधीचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कान्सॉ विद्यापीठाकडे निघून गेले होते आणि शिष्यवृत्तीवर असलेल्या जुन्या खेळाडूंपैकी एकही पुढच्या हंगामासाठी परतला नाही. कोणी व्यावसायिक खेळाकडे वळले, कोणी कॅलिपारींच्या मागे गेले, कोणी तिसरेच विद्यापीठ धरले. पोप यांच्या नेमणुकीवरही पहिल्या दिवशी नाराजी होती, कारण दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता आणि चाहत्यांच्या मनात अधिक मोठी नावे होती. तरीही, दोनच दिवसांनी लेक्सिंग्टनच्या रप अरेनात त्यांचा परिचय करून देण्यात आला तेव्हा वीस हजारांच्या आसपास माणसे बसतील असे ते सभागृह भरून गेले. ज्या संघात अजून खेळाडूच नाहीत, त्या संघाच्या स्वागताला लोक आले होते. पुढचे काही आठवडे मग राज्यभर एकच विषय राहिला: आता आणायचे कोणाला?

पोप यांनी इतर विद्यापीठांतून नऊ खेळाडू आणले. सॅन दिएगो स्टेटचा लामाँट बटलर आला, ज्याने २०२३ च्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी चेंडू टाकून आपल्या संघाला अंतिम फेरीत नेले होते. डेटनचा कोबी ब्रे आला; आधीच्या हंगामात तीन गुणांच्या फेकींत ४९.८ टक्के अचूकतेसह तो देशात पहिला होता. ड्रेक्सेलहून बचावपटू म्हणून नाव कमावलेला अमारी विल्यम्स, ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे, वेक फॉरेस्टहून अँड्र्यू कार, आणि पोप यांच्याच जुन्या बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) संघातून जॅक्सन रॉबिन्सन. रॉबिन्सनचे केंटकी हे चौथे विद्यापीठ होते. चाहत्यांनी या प्रत्येक नावाची चिरफाड केली. संघाचा खेळ चालवणारा पॉइंट गार्ड दुसऱ्यांना चेंडू देतो की स्वतःच फेकतो, लहान स्पर्धागटात मिळवलेले आकडे मोठ्या गटात टिकतील का, उंच खेळाडू एकच असताना तो दुखावला तर काय करायचे, शेवटच्या दोन जागा अनुभवी माणसांना द्याव्यात की शाळेतून येणाऱ्या मुलांना. या चर्चेत कमालीची जाण असते, हे आधी मान्य केले पाहिजे. खेळाच्या तंत्राविषयी, आकड्यांच्या मर्यादांविषयी आणि माणसे एकत्र खेळू लागण्यास लागणाऱ्या वेळेविषयी सामान्य चाहता जितक्या बारकाईने बोलतो, तितक्या बारकाईने फार थोड्या सार्वजनिक प्रश्नांवर बोलले जाते.

पण याच चर्चेत एक दुटप्पीपणा रुजला आहे आणि या लेखाचा विषय तो आहे. आपला खेळाडू दुसरीकडे गेला की तो पैशामागे धावणारा, भाडोत्री, संयम नसलेला ठरतो. दुसऱ्याचा खेळाडू आपल्याकडे आला की त्याला योग्य जागा सापडली, त्याचे चीज झाले, त्याने धाडस केले असे म्हटले जाते. एकच माणूस एकाच संध्याकाळी ही दोन्ही विधाने करतो आणि त्यातली विसंगती त्याला टोचत नाही. माझे म्हणणे असे आहे की चाहत्याच्या मनातले दुःख खरे आहे, त्याची सातत्याची ओढही रास्त आहे. मात्र ते सातत्य तो खेळाडूंच्या नीतिमत्तेकडे मागतो, तेव्हा तो चुकीच्या दारावर उभा असतो. सातत्य हवे असेल तर ते करारातून येईल, आणि असा करार खेळाडूंशी बरोबरीने बसून करण्याची विद्यापीठांची अजून तयारी नाही.

यासाठी थोडे मागे जावे लागते. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था २०१८ पर्यंत असा नियम चालवत होती की खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाशी बोलायचे असेल, तर आपल्या विद्यापीठाची परवानगी घ्यावी लागे, आणि कोणत्या विद्यापीठांशी बोलता येणार नाही हेही ते विद्यापीठ सांगू शके. परवानगी मिळून तो गेलाच, तर बास्केटबॉलमध्ये नव्या ठिकाणी एक संपूर्ण वर्ष सामने न खेळता काढावे लागे. प्रशिक्षकाला यातले काहीच लागू नव्हते. तो मार्चमध्ये एका गावी पराभूत होऊन एप्रिलमध्ये दुसऱ्या गावी सत्कार स्वीकारू शकत होता, आणि ज्या मुलांच्या घरी बसून त्याने त्यांच्या आईवडिलांना शब्द दिलेले असत, ती मुले मात्र मागे अडकून राहत. स्वतः मार्क पोप या नियमातून गेलेले आहेत. ते आधी वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळत. तिथून केंटकीला आले, नियमाप्रमाणे १९९३-९४ चा हंगाम बाकावर काढला आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या संघाचे एक कर्णधार झाले. ज्याला आज केंटकीचे लोक आपल्या घरचा माणूस मानतात, तोही बाहेरून बदलून आलेलाच खेळाडू होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानगीची अट गेली आणि ट्रान्सफर पोर्टल नावाची नोंदणीव्यवस्था सुरू झाली: खेळाडूने नाव नोंदवायचे, मग कोणीही त्याच्याशी बोलावे. एप्रिल २०२१ मध्ये एकदा विनाविलंब संघ बदलण्याची मुभा सर्वांना मिळाली. त्यानंतरची बंधने न्यायालयात टिकली नाहीत. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी दाखल केलेल्या दाव्यात वेस्ट व्हर्जिनियातील संघराज्य न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्यांदा संघ बदलणाऱ्यांना बसवून ठेवण्यास मनाई केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने, अभ्यासातली प्रगती समाधानकारक असेल तर कितीही वेळा संघ बदलता येईल, असा नियमच केला. म्हणजे पोप यांनी रिकाम्या संघाची जुळवाजुळव सुरू केली, तो महिना आणि ही शेवटची साखळी तुटली तो महिना एकच. आता दर वसंतात पहिल्या श्रेणीतील पुरुषांच्या साडेतीनशेहून अधिक संघांमधून दोन हजारांवर खेळाडू या यादीत नाव घालतात. २०२५ मध्ये तर नोंदणीची खिडकी २४ मार्चला, राष्ट्रीय स्पर्धा अर्ध्यावर असतानाच उघडली. त्यामुळे काही प्रशिक्षक उपउपांत्यपूर्व सामन्याची तयारी करता करता पुढच्या वर्षीचा संघही फोनवर जमवत होते. या वेळापत्रकाचा दोष खेळाडूंचा नव्हे. ते त्यांनी आखलेले नाही.

निष्ठेचा प्रश्न नैतिक अंगाने तपासायचा तर केंटकीच्याच इतिहासातले एक उदाहरण फार बोलके आहे. १९८९ मध्ये गैरव्यवहारांबद्दल एनसीएएने केंटकीवर कारवाई केली आणि दोन वर्षे हंगामोत्तर स्पर्धांतून बाद केले. ख्रिस मिल्स आणि लिरॉन एलिस यांच्यासारखे चांगले खेळाडू निघून गेले. एक ॲरिझोनाला, दुसरा सिरॅक्यूजला. जॉन पेल्फ्री, रिची फार्मर, डेरॉन फेल्डहॉस आणि शॉन वूड्स हे चौघे थांबले. त्यांतले तिघे केंटकीच्याच गावांतले होते. रिक पिटिनो यांच्या हाताखाली त्यांनी संघ पुन्हा उभा केला, २८ मार्च १९९२ रोजी राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूक विद्यापीठाविरुद्धचा सामना अतिरिक्त वेळेत १०४-१०३ असा ते ख्रिश्चन लेटनरच्या शेवटच्या फेकीवर हरले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत विद्यापीठाने त्या चौघांच्या जर्सी रप अरेनात सन्मानाने टांगल्या. त्यांच्यात कोणी राष्ट्रीय कीर्तीचा तारा नव्हता. विजेतेपदही त्यांनी मिळवले नव्हते. त्यांचे इतके कौतुक झाले ते जाणे शक्य असताना, आणि जाण्याला सबळ कारण असताना, ते थांबले म्हणून. जे दार बंदच होते त्यातून बाहेर पडला नाही म्हणून कोणाची जर्सी टांगली जात नाही. आजचे चाहते जुन्या नियमांकडे परत जाण्याची मागणी करतात, तेव्हा त्यांच्या लक्षात येत नाही की सक्तीने थांबवलेल्या खेळाडूला १९९२ च्या त्या चौघांसारखा मान देता येणार नाही.

शिवाय, पोर्टलने सारे बिघडवले हे म्हणणे केंटकीत तरी इतिहासाला धरून नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने २००६ पासून शाळेतून थेट व्यावसायिक खेळात येण्याची वाट बंद केल्यावर सर्वांत गुणी मुले एक वर्ष महाविद्यालयात काढून पुढे जाऊ लागली, आणि कॅलिपारींनी या एका वर्षावरच आपली पद्धत उभी केली. जॉन वॉल एक वर्ष होता. अँथनी डेव्हिस एक वर्ष होता, आणि त्या एका वर्षात, २०१२ मध्ये, त्याने केंटकीला आठवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०१५ चा ३८ विजय आणि एक पराभव असा संघ त्याच उन्हाळ्यात विखुरला. या मुलांना कोणी भाडोत्री म्हटले नाही, कारण ते एनबीएत जात होते आणि त्यांच्या यशाचा प्रकाश विद्यापीठावर पडत होता. एका वर्षाने एनबीएत जाणारा अठरा वर्षांचा मुलगा अभिमानाचा विषय होतो आणि एका वर्षाने शेजारच्या राज्यात जाणारा एकोणीस वर्षांचा मुलगा रागाचा. कालावधी तोच, आणि चाहत्याला रिकामी दिसणारी जागाही तीच. तेव्हा राग सातत्य तुटल्याचा असतो की प्रतिस्पर्ध्याचा फायदा झाल्याचा, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे.

तरीही चाहत्याच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्णपणे म्हटले पाहिजे, आणि त्यासाठी ट्रॅव्हिस पेरीचे उदाहरण पुरेसे आहे. लायन काउंटी या केंटकीच्या पश्चिमेकडील लहानशा भागातला हा मुलगा राज्याच्या शालेय बास्केटबॉलच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा. त्याने कॅलिपारींच्या काळात होकार दिला होता. कॅलिपारी गेले तरी तो ढळला नाही आणि पोप यांच्या पहिल्या संघात आला. ज्या राज्यात व्यावसायिक बास्केटबॉलचा मोठा संघ नाही, तिथे असा मुलगा म्हणजे गावोगावच्या शाळांच्या व्यायामशाळांना रप अरेनाशी जोडणारा दुवा असतो. एका हंगामानंतर, २०२५ मध्ये, तो मिसिसिपीतील ओल मिस विद्यापीठाकडे गेला. त्याला खेळायला वेळ कमी मिळाला होता आणि पुढच्या हंगामासाठी त्याच्या जागेवर अधिक अनुभवी गार्ड आणले जात होते. त्याचे जाणे समजण्यासारखे होते. लोकांना वाईट वाटणेही समजण्यासारखे होते. या दोन वाक्यांत विरोध नाही, आणि मला वाटते की चाहत्यांच्या वादाची पातळी उंचावण्याची सुरुवात ही दोन वाक्ये एकत्र उच्चारता येण्यापासून होईल. पेरीच्या बाबतीत प्रश्न विचारायचाच असेल तर तो संघबांधणी करणाऱ्यांना विचारला पाहिजे: दर वर्षी बाहेरून तयार गार्ड आणायचेच असे धोरण असेल, तर स्थानिक मुलाने तिसऱ्या वर्षापर्यंत कोणत्या भरवशावर थांबावे?

संघ बांधण्याची ही रीत मैदानात फसतेच असेही नाही. पोप यांच्या जमवलेल्या संघाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अटलांटात ड्यूकला ७७-७२ असे हरवले, आणि दुखापतींनी हैराण होऊनही राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या सोळांत मजल मारली, जिथे टेनेसीने त्यांना थांबवले. लोकांनी त्या संघावर मनापासून प्रेम केले. नऊ जण बाहेरचे होते, बहुतेक जण एका वर्षापुरते होते, तरी केंटकीच्या लोकांना ते आपले वाटले. त्याच हंगामात विजेता ठरलेल्या फ्लोरिडाचे पाच मुख्य खेळाडू पाहिले तर चार इतर विद्यापीठांतून आलेले होते: वॉल्टर क्लेटन आयोनाहून, अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, रुबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटहून. मात्र या उदाहरणात एक बारकावा आहे जो घाईच्या वादात निसटतो. रिचर्ड फ्लोरिडात तीन वर्षे आणि क्लेटन दोन वर्षे खेळले. बाहेरून आलेला खेळाडू म्हणजे एका वर्षाचा पाहुणा, हे समीकरण त्यांनी खोटे ठरवले. दुसऱ्या टोकाला इंडियानातले पर्ड्यू विद्यापीठ आहे. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन या इंडियानातल्याच तिघांना वर्षानुवर्षे एकत्र ठेवले आणि २०२५-२६ च्या हंगामाआधीच्या मतदानात पर्ड्यू देशात पहिला मानला गेला. मला व्यक्तिशः पर्ड्यूची रीत अधिक आवडते. पण आवड हा नियम होऊ शकत नाही, आणि एकाच नियमाखाली फ्लोरिडा आणि पर्ड्यू दोन्ही शक्य झाले, ही गोष्ट सध्याच्या मोकळिकीच्या विरोधात जात नाही.

मग बिघडले कुठे? माझ्या मते पैसा उघडपणे आला, पण त्याबरोबर यायला हवा होता तो हिशेब आला नाही. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूंच्या लाभांवरील मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात, एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या वापरातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. व्यवहारात देणगीदारांनी उभारलेल्या निधीतून जाहिरातीच्या नावाखाली पगार दिले जाऊ लागले. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. तिच्यानुसार २०२५-२६ मध्ये प्रत्येक विद्यापीठ आपल्या सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम थेट देऊ शकत होते, बास्केटबॉल संघात पंधराच खेळाडू ठेवता येतात, आणि ६०० डॉलरहून मोठ्या बाहेरच्या करारांची तपासणी होते. कोणत्या खेळाडूला किती मिळते हे मात्र जाहीर होत नाही. त्यामुळे चाहत्यांचा वाद अफवांवर चालतो. केंटकीच्या २०२५-२६ च्या संघावर २.२ कोटी डॉलर खर्च झाल्याचा आकडा बातम्यांत आला आणि घट्ट बसला. मग डिसेंबर २०२५ मध्ये नॅशव्हिलमध्ये गोन्झागाने या संघाला ९४-५९ असे चिरडले, तेव्हा केंटकीच्याच प्रेक्षकांनी आपल्या मुलांची हुर्यो उडवली. पस्तीस गुणांनी हरणाऱ्या संघाला पूर्वीही शिव्या बसल्या असत्या. पण वीस-एकवीस वर्षांच्या खेळाडूच्या प्रत्येक चुकलेल्या फेकीची किंमत डॉलरमध्ये मोजली जाणे हे नवे आहे, आणि ती किंमत ज्या आकड्यावरून मोजली जाते तो आकडा कोणी अधिकृतपणे सांगितलेलाच नाही, हे अधिक वाईट आहे.

पैशाच्या या व्यवस्थेतला एक कोपरा मराठी वाचकांना सहज कळेल, कारण पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतील मुले त्याच कागदावर अमेरिकेत शिकतात. एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला विद्यापीठाबाहेर कमाई करण्यावर कडक बंधने असतात, आणि परदेशी बास्केटबॉलपटूही त्याच व्हिसावर असतो. काँगोचा ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. तोही वेस्ट व्हर्जिनियाहून बदलून केंटकीला आलेला. त्याच्या अमेरिकी सहकाऱ्यांना घरबसल्या मिळणाऱ्या जाहिरातींसाठी त्याला संघाच्या बहामा दौऱ्याची वाट पाहावी लागली, कारण देशाबाहेर ते काम करता येत होते. ग्रंथालयात तास मोजून काम करणारा मराठी विद्यार्थी आणि शिब्वे यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने एकाच घरातला आहे: खेळाडू विद्यार्थी की कामगार, याचे उत्तर कोणी द्यायला तयार नाही.

या अनुत्तरित प्रश्नाचा खरा फटका केंटकीसारख्यांना बसत नाही. तो लहान विद्यापीठांना बसतो, आणि मोठ्या संघांच्या चाहत्यांच्या वादात त्यांना जागाच नसते. २१ मार्च २०२४ रोजी मिशिगनमधील ओकलंड विद्यापीठाने केंटकीला ८०-७६ असे हरवून स्पर्धेबाहेर काढले. कॅलिपारींच्या तिथल्या कारकिर्दीचा तो शेवटचा सामना ठरला. त्या रात्री जॅक गोल्की याने तीन गुणांच्या दहा फेकी मारल्या, आणि तो स्वतः दुसऱ्या श्रेणीतील हिल्सडेल महाविद्यालयातून ओकलंडला आलेला होता. म्हणजे संघ बदलण्याची सोयच नसती तर ती रात्र तशी घडली नसती. पण काही आठवड्यांत ओकलंडचा सर्वोत्तम खेळाडू ट्रे टाउनसेंड ॲरिझोनाला गेला. १९८४ पासून त्याच एका संघाला शिकवत असलेल्या ग्रेग कॅम्पी यांच्या हाती त्याबद्दल काय आले? काहीच नाही. त्याआधी, २०२२ मध्ये, न्यू जर्सीतील सेंट पीटर्स या छोट्या संस्थेने केंटकीलाच हरवून शेवटच्या आठांपर्यंत धडक मारली होती. पंधराव्या मानांकनाचा संघ तिथवर पहिल्यांदाच पोहोचला होता. स्पर्धा संपताच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉल विद्यापीठाकडे गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ मुख्य खेळाडू पांगले. तो क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी प्रशिक्षक गेला, नंतर मुले गेली. २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांतले सर्वच्या सर्व संघ केवळ चार मोठ्या स्पर्धागटांतले होते, त्यांतले सात तर एकट्या एसईसीचे, म्हणजे केंटकी ज्यात आहे त्या गटाचे. एका वर्षाच्या निकालावरून नियम बांधू नये हे खरे. पण लहान संस्थेने खेळाडू घडवायचा आणि मोठ्या संस्थेने तो तयार झाल्यावर फुकट न्यायचा, ही रचना दीर्घकाळ चालली तर मार्चमधल्या या स्पर्धेची सारी गंमत ज्या अनपेक्षित विजयांवर उभी आहे ते विजय दुर्मीळ होतील, अशी भीती निराधार नाही.

उपाय अवघड आहे पण अज्ञात नाही. व्यावसायिक खेळांत हे प्रश्न करारांनी सोडवले आहेत. आयपीएल पाहणाऱ्याला कोणता खेळाडू संघाने कायम ठेवला, किती रकमेला, आणि पुढचा मोठा लिलाव कधी, हे ठाऊक असते. त्यामुळे तो संघावर रागावतो तेव्हा निदान कशावर रागावतो आहे हे त्याला माहीत असते. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये दोन किंवा तीन वर्षांचे करार असावेत, मुदतीआधी सोडणाऱ्या खेळाडूला घेणाऱ्या विद्यापीठाने आधीच्या विद्यापीठाला भरपाई द्यावी, आणि प्रशिक्षक गेला तर खेळाडूलाही विनाभरपाई जाण्याचा हक्क असावा. ओकलंडला टाउनसेंडच्या मोबदल्यात काही मिळाले असते तर कॅम्पी यांना पुढचा गोल्की शोधणे थोडे सोपे झाले असते. आणि लेक्सिंग्टनच्या चाहत्याला एप्रिलमध्ये निदान आठ-नऊ नावे पक्की माहीत असती.

पण असे बंधन फक्त विद्यापीठांनी आपापसांत ठरवून लादले, तर ते पुन्हा बाजारातील स्पर्धेत अडथळा आणण्यास मनाई करणाऱ्या कायद्याखाली न्यायालयात पडेल. ते टिकायचे असेल तर खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करूनच ठरले पाहिजे, आणि नेमके हेच विद्यापीठांना नको आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेत जाण्याचा निर्णय घेतला; महाविद्यालयाने सौदा करण्यास नकार दिला आणि राजकीय वारे बदलल्यावर वर्षअखेरीस संघटनेने अर्ज मागे घेतला. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेत आलेले स्कोअर विधेयक उलट्या दिशेचे आहे. एनसीएएला या कायद्याखालच्या दाव्यांपासून संरक्षण द्यावे आणि खेळाडूंना कर्मचारी मानले जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बंधने घालण्याची मुभा हवी, पण ज्यांच्यावर ती घालायची त्यांच्याशी बोलणी नकोत. निष्ठेच्या नावाने हळहळणारे अनेक चाहते या विधेयकाकडे आशेने पाहतात. त्यांनी कॅलिपारींचा २०१९ चा करार आठवावा. दहा वर्षांचा, ८.६ कोटी डॉलरचा, लोकांनी आजीवन म्हणून गौरवलेला तो करार होता. तो पाच वर्षांत संपला, आणि संपवणाऱ्याला एकही सामना बाकावर बसावे लागले नाही.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे: खेळाडू कर्मचारी झाला की विद्यापीठ आणि खेळ यांचे नाते केवळ गणवेशाच्या रंगापुरते उरेल. मी हा आक्षेप हलका मानत नाही. चार संस्था बदललेल्या विद्यार्थ्याचे शैक्षणिक श्रेयांक किती ठिकाणी गळतात आणि त्याच्या पदवीला काय अर्थ उरतो, हा प्रश्न संघबांधणीच्या चर्चेत कोणी विचारत नाही, आणि तो विचारला पाहिजे. परंतु बहुवर्षीय करार त्या मुलाला एका वर्गात दोन-तीन वर्षे बसवण्याची शक्यता वाढवतो, कमी करत नाही. पदवी पूर्ण होईपर्यंतचा शिक्षणखर्च, दुखापतीनंतरही चालू राहणारी शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय खर्च या अटी वाटाघाटीत खेळाडूच मागतील. उलट, आज जॅक्सन रॉबिन्सनसारख्या चौथ्या विद्यापीठात मनगट दुखावून हंगाम गमावलेल्या खेळाडूला आधीच्या तिन्ही विद्यापीठांशी बांधणारे काहीही नाही. तो कर्मचारी ठरलेला नसतानाच हे घडले आहे. चाहत्यांना आपल्या वार्षिक वादात खरोखर वजन आणायचे असेल, तर तिकिटे आणि देणग्या देणाऱ्या या मंडळींनी क्रीडा संचालकांना पुढच्या वसंतात पॉइंट गार्ड कोण याच्या आधी हे विचारावे की या पंधरा जणांपैकी किती जणांना एका वर्षाहून अधिक मुदतीचा कागद दिला आहे, त्यात बाहेर पडण्याच्या अटी काय आहेत, आणि ज्या लहान विद्यापीठातून त्यांना आणले त्याला काय दिले.